घुम्याच्या पोटातली धग

उष्णता कुठं जाते हे मला कळेना, म्हणून मी बायकोवर संशय घेतला.

संशय शास्त्रशुद्ध होता. ऊर्जा नाहीशी होत नाही, ती कुठंतरी जाते, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. सात नंबरच्या डब्यातली ऊर्जा दर शनिवारी दुपारनंतर जात होती, आणि दर शनिवारी दुपारनंतर शर्वरीही जात होती. ती सांगायची, योगाच्या क्लासला जाते. परत यायची तेव्हा तिच्या हातांना कापराचा आणि तेलाचा वास असायचा.

"कसा झाला क्लास?"

"छान."

"आज कोणतं आसन?"

"शवासन."

"दोन तास?"

"नीट करायचं म्हटलं की वेळ लागतोच."

माणूस इतक्या शांतपणे उत्तरं देतो तेव्हा एक तर तो खरं बोलत असतो, नाहीतर त्याने तयारी केलेली असते. मी थर्मल इंजिनिअर आहे. थंड दिसणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तसली एक गोष्ट मी स्वतःच बनवली होती. तिचं नाव घुम्या.

२०४४ साली कोल्हापुरात पेट्रोल औषधासारखं मिळायचं. एकच पंप, ओळखपत्र दाखवायचं, आणि रांगेतला मागचा माणूस 'घरी कुणी सिरीयस आहे का' अशा नजरेनं बघायचा. डोंगरामागच्या रेस ट्रॅकवर सगळ्या गाड्या विजेच्या झाल्या होत्या. त्या इतक्या गुपचूप पळायच्या की टाळ्या कधी वाजवायच्या ते प्रेक्षकांना पडद्यावर लिहून सांगावं लागे. पेट्रोलच्या गटात एकच गाडी उरली होती, ती आमची तांबडी. वयानं शर्वरीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, सुपरचार्जर बसवलेली, आणि आवाज असा की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं.

तिलाही घालवायचं म्हणून ट्रॅकच्या कमिटीनं कासव नियम काढला होता. सलग दहा फेऱ्या मारायच्या. पहिल्या फेरीपेक्षा कुठलीही फेरी चार सेकंदांहून जास्त हळू झाली, की गाडी बाहेर आणि गट कायमचा बंद. परीक्षा रविवारी सकाळी. शर्वरी नऊ वर्षांची असल्यापासून तांबडी चालवत होती. आधी वडिलांच्या मांडीवर बसून, मग वडिलांना शेजारी बसवून, मग त्यांना उतरवून. तांबडी गेली तर ती काय करणार होती हे तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायला आमच्याकडे योग हा विषय होता.

आता सुपरचार्जरवाल्या गाडीला दहा फेऱ्या का जड जातात ते सांगतो.

सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड तापतं. हवा दाबली की तापते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा, कधी न दमणारा पंप. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, आणि जास्त पेट्रोल म्हणजे जास्त ताकद. पण ही हवा दीडशे अंशांवर जाते आणि तापलेल्या हवेत पेट्रोल नको तेव्हा पेटतं. गाडीतला कॉम्प्युटर मग घाबरून ताकद कापतो. म्हणून मध्ये पाण्याचा कूलर बसवतात, तो हवा गार करतो. रस्त्यावर एवढं पुरतं. ट्रॅकवर मात्र उसंतच नसते. चौथ्या फेरीला पाणीच तापतं, आणि तापलेल्या पाण्यानं गार करणं म्हणजे भांडणाऱ्याची भांडणाऱ्याकडून समजूत घालण्यासारखं.

घुम्या हे एक मीठ आहे. अठ्ठेचाळीस अंशांवर ते वितळतं, आणि वितळताना ढीगभर उष्णता गिळतं. डिकीत घट्ट घुम्याचे बारा डबे असत. गाडी पळायला लागली की एकेक डबा वितळायचा, आणि वितळलेला घुम्या पाण्याच्या जागी नळ्यांतून फिरत राहायचा. बारा डब्यांत दहा फेऱ्या बसत, वर थोडी शिल्लक.

खरी गंमत नंतर होती. साधी गोष्ट गार झाली की गोठते. घुम्या गोठत नसे. हाताला गार लागेल, पाण्यासारखा डुचमळेल, आणि गिळलेली सगळी धग पोटात तशीच धरून बसेल. आठवडाभर. झाकणाच्या आत एक पत्र्याची टिकली होती. ती टिचकन दाबली की एक बारीक खडा तयार व्हायचा, त्याला बघून बाकीचं मीठ गोठायचं, आणि डबा दोन तास चांगला गरम राहायचा. म्हणून नाव घुम्या. नाव दस्तगीर मिस्त्रींनी ठेवलं. तांबडीचं इंजिन त्यांनी चार वेळा उघडून पाच वेळा बसवलं होतं, आणि ते म्हणत, "ह्या डब्यागत माणसं मी लई बघितल्यात, आदूभाऊ. हितं कुणाकडं बघून बोलाय लागलोय असं नाही." असं म्हणून ते माझ्याकडेच बघायचे.

दर शनिवारी पाच फेऱ्यांचा सराव व्हायचा. सरावाआधी बारा डबे वितळवून, तपासून, पुन्हा घट्ट करायचे. त्याला अख्खा दिवस लागे. सरावानंतर वितळलेले डबे गॅरेजमागच्या खोलीत ठेवायचे आणि सोमवारी मी टिकल्या दाबायचो. पण गेले सात आठवडे वितळलेल्या डब्यांतला सात नंबर सोमवारी आधीच घट्ट असायचा. झाकण धुतलेलं. आणि मिठाचं पोतं थोडं उतरलेलं.

म्हणजे कुणीतरी त्यातला घुम्या काढून नेत होतं आणि जागी नवं मीठ भरत होतं. घुम्याचा नमुना पुण्याच्या एका टीमला हवा होता, हे मला माहीत होतं, कारण त्यांनी मलाच विचारलं होतं. खोलीच्या किल्ल्या माझ्याखेरीज तिघांकडे होत्या. पहिली दस्तगीर मिस्त्रींकडे, दुसरी शर्वरीकडे. तिसरी माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे खराडे वस्तादांकडे. ते गॅरेजला लागून असलेली तालीम चालवत आणि रेसच्या दिवशी ट्रॅकच्या कडेला गाडी सांभाळणारे आमचे पिट प्रमुख असत. त्यांच्यावर मी संशय घेतला नाही. एकशे वीस किलोच्या सासऱ्यावर संशय घेणं हा विज्ञानाचा विषय नाही.

मी मिस्त्रींपासून सुरुवात केली.

"मिस्त्री, तुमचा भाचा पुण्यात असतो ना?"

ते स्पार्क प्लग पुसत होते. पुसतच राहिले. "असतोय की."

"काय करतो?"

"दाताचा डॉक्टर हाय." त्यांनी प्लग उजेडात धरून बघितला. "आदूभाऊ, चोर म्हणायचं असलं तर सरळ चोर म्हणा. असं दाताकडनं नका येऊ."

मी म्हणालो, तसं काही नाही. ते म्हणाले, तसंच आहे, पण चहा सांगा. चहा मी सांगितला. संशयितांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं, पण अर्धंच.

उरली शर्वरी. मी पुरावा गोळा केला. कापूर. तेल. शवासन. एका शनिवारी तिच्या ओढणीला तांबूस धूळ. मी ती बोटानं उचलून बघितली. ती इतकी बारीक होती की बोटांच्या रेषांत बसली. ही कुठली माती, असं विचारावं असं मनात आलं, पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "योगाची." आणि माझ्या हातून निसटलं असतं की मी बायकोची ओढणी तपासतो.

आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती. तेव्हा मला वाटायचं की हे चांगलं लक्षण आहे.

रविवारी सकाळी परीक्षेआधी अर्धा तास, तांबडी पिटमध्ये उभी होती. डिकी उघडी. शर्वरी हातमोजे चढवत होती. मी शेवटचं म्हणून बारा डब्यांवरून हात फिरवला आणि प्रत्येक झाकणाच्या आट्यात तांबूस रेघ दिसली. बोटाला लावली. बोटांच्या रेषांत बसली.

मी शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. निदान ठरवलं तरी होतं.

"डब्यांत काय टाकलंयस?"

शर्वरीनं मान वर केली. "कोण, मी?"

"ही तुझ्या ओढणीवरचीच माती आहे. शवासनाची. दर शनिवारी तू कुठं जातेस ते सांग, नाहीतर ही गाडी आज हलणार नाही."

शेजारच्या पिटमध्ये विजेच्या गाडीचे लोक आपापलं काम थांबवून आमच्याकडे बघायला लागले. त्यांच्या गाड्यांना आवाज नसल्यामुळे त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

 शर्वरीनं वडिलांकडे बघितलं. वस्ताद टायरच्या ढिगाला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा आखाड्यातही कधी झाला नसेल तसा झाला होता.

"पोरीला काय बोलू नका, जावईबापू," ते म्हणाले. "माती माझी हाय."

"मामा?"

"कंबर गेलीया माझी. वर्ष झालं. शर्वरी शनवारी येऊन चोळती, कापूर-तेल लावून. मीच तिला म्हटलं, जावयाफुडं कमरंचं काढायचं नाही. पावण्यांनी काय म्हणायचं? वस्तादाला टायर उचलंना?"

दस्तगीर मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. "आणि घुम्या, वस्ताद?"

"त्येचा शेक बरा वाटतोय." वस्ताद खाली बघून बोलत होते. "पैल्यांदा एक डबा उघडून बघत हुतो. बोटाची माती पडली आत, आणि डबा आपोआप गरम. आखाड्याच्या मातीत ताकद असतीया, ते मला ठाऊकच हुतं. मग दर शनवारी सात नंबर नेऊन चिमूटभर टाकायची, झोपताना कमरंला लावायचा. झालं की घट्ट झालेलं मीठ फोडून मातीत टाकायचं. मातीला ताक घालतोय, लिंबू घालतोय, हळद घालतोय, मग हे का वाया घालवा? डबा धुवून नवं भरून ठेवत हुतो. चोरी न्हवं ती."

"मग आज बाराही डब्यांत?"

"आज मोठी कुस्ती हाय की, बापू. तांबडीला ताकद नको?" त्यांनी चिमटीचा आकार करून दाखवला, मग प्रामाणिकपणे मूठ केली. "एकेक मूठ."

मी तिथंच जमिनीवर बसलो. त्या सात आठवड्यांत आखाड्याची माती घुम्याच्या खड्यांनी भरून गेली होती. टिकली जे काम करते ते काम करणारे लाखो कण. उष्णतेनं खडे वितळतात खरे, पण मातीच्या कणाच्या भेगेत दडून बसलेला खडा वितळत नाही. तो तिथं बी होऊन राहतो. डब्यांच्या तोंडाला गाळण्या होत्या, मोठा खडा बाहेर पडला नसता. पण आखाड्याची माती चाळून चाळून मैद्यासारखी करतात, पैलवानाची पाठ सोलू नये म्हणून. ती गाळणीतून जाणार, नळ्यांत फिरणार. आणि तांबडीच्या नाकातल्या बारीक नळ्यांत, जिथं वारा लागतो, तिथं घुम्या अठ्ठेचाळीसच्या खाली आला रे आला की गोठणार. रस्ता बंद. दीडशे अंशांची हवा थेट इंजिनात. पिस्टनला भोक, मागच्या चाकाखाली तेल, आणि सरळ रस्त्यावर दोनशे दहाच्या वेगात माझी बायको.

मी हे सगळं सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "गाळून घेऊ."

"वितळल्याशिवाय गाळता येत नाही. आणि आत्ता बारा डबे वितळवायचे तर गाडी पळवावी लागेल."

 शर्वरी हेल्मेट हातात घेऊन उभी होती.

"म्हणजे गार झाला तरच गोठतो," ती म्हणाली.

"हो."

"आणि गरम राहिला तर?"

"तर साधा घुम्या. पण दहा फेऱ्या एकदाही उसंत घ्यायची नाही. उतारावरसुद्धा पाय काढायचा नाही. गाडी थंड ठेवायची तर ती तापलेलीच ठेवावी लागेल."

तिनं हेल्मेट चढवलं. "मला तेवढंच जमतं," ती म्हणाली आणि आत बसली. माझ्याकडे बघितलं नाही.

नळ्यांतला तेवढा घुम्या आम्ही इंजिन जागेवर चालवून आधीच तापवून घेतला, आणि तांबडी सुटली. विजेच्या गाड्यांमधून ती गेली तेव्हा स्टँडमधल्या लोकांनी पडद्यावर काही लिहून यायच्या आधीच टाळ्या वाजवल्या.

माझ्यासमोर दोनच आकडे होते. एक फेरीची वेळ, दुसरा नाकातल्या नळ्यांचं तापमान. पहिली फेरी एक मिनिट एकेचाळीस. दुसरी तीच. चौथी, जिथं आधीच्या सगळ्या सुपरचार्जरवाल्या गाड्या मान टाकायच्या, तीही तीच. नाकात चोपन्न, त्रेपन्न, चोपन्न. वस्ताद टायरवर बसले होते. आता लपवायचं काही नसल्यामुळे कंबर धरून.

सातव्या फेरीला पिवळा झेंडा लागला.

पुढं एक विजेची गाडी बंद पडली होती, अर्थात काही आवाज न करता. झेंडा पिवळा असला की सगळ्यांनी हळू व्हायचं. त्या फेरीची वेळ मोजत नाहीत, पण फेरी तर मारावीच लागते. तांबडीचा वेग ऐंशीवर आला. नाकात बावन्न. एक्कावन्न. पन्नास.

मी रेडिओचं बटण दाबलं. "शर्वरी, ऐक. दुसऱ्या गिअरात ये. डाव्या पायानं ब्रेक, उजव्यानं रेस. दोन्ही एकदम. सुपरचार्जरला दाबायला लाव. हवा तापव."

 एकोणपन्नास.

"आदिनाथ," शेवटी आवाज आला. ती मला आदू म्हणते. "हे तू माहिती आहे म्हणून सांगतोयस, का तुला वाटतंय म्हणून?"

वाटतं म्हणून मी त्या दिवशी आधीच एक गोष्ट बोलून बसलो होतो. अठ्ठेचाळीस पूर्णांक सहा.

"माहिती आहे म्हणून."

"सकाळीही तुला माहितीच होती."

"सकाळी वाटत होतं. हे माहिती आहे."

अठ्ठेचाळीस पूर्णांक दोन. मग डोंगरामागून असा आवाज आला की मिस्त्रींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. ब्रेकांनी धरलेली तांबडी ऐंशीच्या वेगात किंचाळत होती. पन्नास. बावन्न. पंचावन्न. हिरवा झेंडा लागला आणि ती सुटली.

पण असल्या किंचाळण्यातून धग निघते, आणि ती गिळण्यात डब्यांची शिल्लक संपली होती. नवव्या फेरीअखेर बाराही डबे वितळलेले होते. गिळायला कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या फेरीत तापमान नुसतं चढत होतं, कॉम्प्युटर ताकद कापत होता, आणि वस्ताद डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते, बहुधा डावांची नावं.

एक मिनिट चव्वेचाळीस पूर्णांक सात. तीन पूर्णांक सात सेकंद हळू. कासव नियम चार सेकंदांचा होता.

मिस्त्रींनी मला मिठी मारली आणि कानात म्हणाले, "भाच्याकडं दात तपासून घ्या एकदा. लई आवळता तुम्ही."

मी रेडिओवर सांगितलं, आता इंजिन बंद कर, उतारानं गाडी आत घे. इंजिन बंद असलं की नळ्या गोठून फक्त नळ्यांचंच नुकसान. तांबडी गडगडत पिटमध्ये आली, थांबली, गार व्हायला लागली. नाकात सत्तेचाळीस. नळ्या कचकन गच्च झाल्या. मग डिकीत एक डबा, दुसरा डबा, बाराही डबे एकामागून एक गोठायला लागले आणि दहा फेऱ्यांची गिळलेली धग बाहेर यायला लागली.

वस्ताद उठले. हळूहळू चालत तांबडीच्या मागे गेले. पाठ फिरवली, आणि शेजारच्या पिटमधले लोक, कमिटीचे तीन सभासद, दस्तगीर मिस्त्री आणि जावई बघत असताना कंबर डिकीच्या पत्र्याला टेकवली.

"आहाहा," ते म्हणाले. "दोन तास कुणी हलवू नका ही."

मग शर्वरी उतरली. हेल्मेट काढलं. घामानं केस कपाळाला चिकटले होते, पण चेहरा शांत होता, एकदम शांत. कमिटीच्या माणसानं पुढं केलेल्या कागदावर तिनं सही केली, मिस्त्रींना हात जोडले, वडिलांच्या पाठीमागं हात घालून पत्रा फार तापला तर नाही ना ते बघितलं. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हणालो, माझं चुकलं. म्हणालो, सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. म्हणालो, ओढणीसुद्धा तपासली होती, तेही सांगून टाकतो.

"असू दे," ती हसून म्हणाली. "काही नाही त्यात."

आवाज गार होता. मी मिठांचा माणूस आहे. एक पाऊल मागे सरकलो, आणि तेवढ्यात डिकीला टेकलेले माझे सासरे, डोळे मिटलेले, समाधानानं म्हणाले:

"शर्वरी, पावण्यांना सांग की, गेल्या महिन्यात त्येंनी तुझ्या योगाच्या क्लासला फोन करून तू येतीस का इचारलं हुतं, त्येबी क्लासवाल्यांकडनं कळलंय आपल्याला."